सन्मानाचं कारण लिहून द्या

फिजी या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेलाच बारा लाखांहून अधिक माणसं राहत होती. प्रशांत महासागरातल्या या एवढ्याशा देशाने १९९५ साली स्वतःचा सर्वोच्च सन्मान सुरू केला, ‘ऑर्डर ऑफ फिजी’. एके काळी तिथल्या कर्तबगार माणसांना ब्रिटनच्या राणीच्या नावाने पदकं मिळायची. १९८७ मध्ये लष्करी उठाव झाले, देश प्रजासत्ताक झाला, राणीशी नातं संपलं. मग आपल्या माणसांचा मान आपण कसा करायचा, हे त्यांना नव्याने ठरवावं लागलं. महाराष्ट्राने आपला सर्वोच्च नागरी सन्मान, ‘महाराष्ट्र भूषण’, ठरवला तोही १९९५ मध्येच. पहिला मान १९९६ चा, पु. ल. देशपांडे यांचा. त्याच १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्याचा निकाल दिला. भारतरत्न आणि पद्म हे किताब नव्हेत, त्यामुळे घटनेच्या अठराव्या कलमाला धक्का लागत नाही; मात्र ते कोणी नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, असं न्यायालयाने बजावलं.

या सगळ्याला तीस वर्षं होऊन गेली. सन्मान कशासाठी द्यायचा, कधी द्यायचा, कसा द्यायचा याची रीत एव्हाना पक्की बसायला हवी होती. ती बसलेली नाही. मी हे सांगते आहे ते रोजच्या कामाच्या अनुभवावरून.

मी डोंबिवली पूर्वेला मानपत्रं लिहिते. सासरे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फळे, नाटकांचे बोर्ड त्यांच्या हातचे असायचे. फ्लेक्स आला आणि तो धंदा बसला. हाताशी राहिलं ते सुलेखन, आणि जोडीला फ्रेम, ट्रॉफ्या, सन्मानचिन्हं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या संस्था माझ्याकडे येतात: शाळा, ज्ञातिमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, हाउसिंग सोसायट्या, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि मानपत्र असा तो सगळा संच असतो. शाल कपाटात जाते, नारळाची वडी होते, चिन्ह शोकेसमध्ये मागे मागे सरकत जातं. मानपत्र मात्र भिंतीवर राहतं, कारण त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं असतं.

ते लिहायचं म्हणजे आधी जाड कागदावर पेन्सिलने फिक्या ओळी आखायच्या. नाव मधोमध, मोठं, रुंद कट-निबने. शिरोरेषा एका दमात ओढावी लागते. मध्ये हात उचलला तर जोड दिसतो. नावाखालचा मजकूर बारीक निबने. शाई पूर्ण वाळली की पेन्सिलच्या ओळी रबराने हलक्या हाताने पुसायच्या. खाडाखोड चालत नाही. एक वेलांटी चुकली तर कागद बदलून पहिल्यापासून लिहायचं. म्हणून निब बुडवण्याआधी मी मजकूर बारकाईने वाचते, आणि तिथेच माझी अडचण सुरू होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुरात सगळं असतं. ‘मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’, ‘सामाजिक बांधिलकी जपणारे’, ‘अष्टपैलू’, ‘निःस्वार्थी’, ‘आपल्या कार्याचा सुगंध सर्वदूर दरवळत राहो’. वाचून संपतं तरी या माणसाने केलं काय, ते कळत नाही. नाव बदलून दुसऱ्या कोणालाही तेच मानपत्र देता येईल. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष यांची नावं आणि पदं मात्र अचूक लिहून पाठवलेली असतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर रात्री अकरा वाजता फोन येतो.

मागे एका परिचारिकेच्या निवृत्तीचा सत्कार होता. मजकुरात ‘रुग्णसेवेचा वसा’ होता, ‘मायेची सावली’ होती. मी फोन करून विचारलं, बाईंनी नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगा. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “ताई, नेहमीसारखं लिहा ना, कोण वाचतंय!” मी बाईंचा नंबर मागून घेतला. त्यांनाही आधी काही सुचेना. मग सहज बोलता बोलता म्हणाल्या, २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा आम्ही बाळंतिणींना आणि बाळांना वरच्या मजल्यावर नेलं, पाणी उतरेपर्यंत घरी गेलो नाही. ते वाक्य मी नावाखाली पहिलं घातलं. विशेषणांना मग जागाच उरली नाही.

राज्याच्या सर्वोच्च सन्मानाकडून माझी अपेक्षा यापेक्षा वेगळी नाही. ज्याला सन्मान दिला त्याने काय केलं, ते सरकारने स्पष्ट मराठीत लिहून प्रसिद्ध करावं. लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर, भीमसेन जोशी यांच्याबाबत कोणी कारण विचारणार नाही, हे खरं. पण २००३ चा सन्मान डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना मिळाला तेव्हा गडचिरोलीत नवजात बाळं का मरत होती आणि गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी ती कशी वाचवता आली, हे शाळेत शिकणाऱ्या मुलीला एका पानात वाचायला मिळालं पाहिजे. विजय भटकर यांच्या ‘परम’ महासंगणकाचं तेच. जयंत नारळीकरांच्या संशोधनाचं तेच. १९९६ पासूनची अशी पानं एकत्र केली असती तर महाराष्ट्राने या तीस वर्षांत कशाला मोल दिलं, याचं एक छोटं पुस्तक तयार झालं असतं. ते प्रत्येक ग्रंथालयात ठेवता आलं असतं. १८६४ पासून चालत आलेल्या आमच्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातही, १८९३ च्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही.

कारण लिहिलेलं असलं की वादसुद्धा नीट होतो. २०१५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचं नाव जाहीर झालं आणि राज्य ढवळून निघालं. आमच्या शेजारच्या कळवा-मुंब्र्याचे आमदार जितेंद्र आव्हाड विरोधात सगळ्यांत पुढे होते. इतिहासाची मांडणी, शिवाजी महाराजांचं चरित्र, जात अशा खोल प्रश्नांवर भांडण होतं आणि ते व्हायलाही हवं होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी राजभवनातल्या सभागृहात बंदोबस्तात पुरस्कार दिला गेला. मी तेव्हाचं बरंच वाचलं, दोन्ही बाजूंचं. निवड समितीने काय पाहून हे नाव काढलं, त्यांच्यासमोर आणखी कोणती नावं होती, आक्षेप त्यांना ठाऊक होते का, याचा कागद लोकांसमोर असता तर भांडण त्या कागदाशी झालं असतं. मग २०१६ पासून २०२० पर्यंत एकही महाराष्ट्र भूषण नाही. २०१२ ते २०१४ ही वर्षंही रिकामीच. साडेअकरा-बारा कोटींच्या राज्यात इतकी वर्षं कोणीच सापडलं नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. निर्णय घेण्याचं टाळलं गेलं.

उशिराबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

माझ्याकडे एका संस्थेने एका निवृत्त शिक्षकांचं मानपत्र लिहायला दिलं होतं. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, शाळा सुटल्यावर कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांना रात्री फुकट शिकवलं. मजकूर चांगला होता, मीच मागे लागून मिळवलेला. कार्यक्रम ठरला आणि पुढे गेला. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. पुन्हा ठरला, पुन्हा गेला. मानपत्र फ्रेम करून दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेलं. एके दिवशी संस्थेचे कार्यवाह आले आणि खाली बघत म्हणाले, “नावाच्या आधी ‘कै.’ घालता येईल का?” फ्रेम उघडली. नाव मी मधोमध लिहिलं होतं, डाव्या बाजूला थोडी मोकळी जागा होती, तिथे ते एक अक्षर आणि एक टिंब बसत होतं. मी बसवलं नाही. कागद नवा घेतला, सगळं पुन्हा लिहिलं. पहिलं मानपत्र, ज्यात सर हयात होते, ते त्यांच्या बायकोला नेऊन दिलं. त्यांनी भिंतीवर लावलं आहे ते हेच पहिलं.

राम सुतार यांचं उदाहरण ताजं आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा, १९२५ मध्ये जन्मलेला माणूस. सरदार पटेलांचा जगातला सर्वांत उंच पुतळा त्यांनी घडवला, संसदेच्या आवारातला ध्यानस्थ गांधी त्यांचाच. मार्च २०२५ मध्ये त्यांना २०२४ चा महाराष्ट्र भूषण जाहीर झाला, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. मुख्यमंत्र्यांनी त्यांच्या नोएडाच्या घरी जाऊन तो त्यांच्या हातात दिला, नोव्हेंबरात. डिसेंबरात सुतार गेले. घरी जाऊन दिला हे फार योग्य झालं. भीमसेनजींचं भारतरत्नही २००९ मध्ये पुण्याला त्यांच्या घरीच दिलं गेलं होतं. माझा प्रश्न मधल्या आठ महिन्यांचा आहे. शंभर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत आठ महिने थांबायचं नसतं. आणि त्याही आधीचा प्रश्न: हा माणूस ऐंशी वर्षांचा होता तेव्हा महाराष्ट्राचं लक्ष कुठे होतं? पुतळा सगळ्यांत उंच झाल्यावर आपल्याला शिल्पकार दिसला.

दिसणं हाच सन्मानाचा मुख्य उपयोग आहे, असं मला वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये पद्मश्रीच्या यादीत डोंबिवलीचे गजानन माने यांचं नाव आलं. नौदलात होते, १९७१ च्या युद्धात होते; नंतर कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी काम केलं. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. पत्रीपूल आम्हा सगळ्यांना माहीत आहे तो वाहतुकीच्या कोंडीसाठी. जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा व्हायला २०२१ उजाडलं, त्या काळात शिव्या न देता तिथून कोणी गेलं नसेल. पुलाशेजारी राहणारी माणसं मात्र आमच्या नजरेला कधी पडली नाहीत. बोटं झडलेल्या हातांना काम हवं असतं, मलमपट्टी रोज लागते, मुलांना शाळेत शेजारी बसू देत नाहीत, लग्न जुळत नाहीत. त्या यादीमुळे डोंबिवलीतल्या कित्येकांनी पहिल्यांदा विचारलं, ही वसाहत नेमकी कुठे आहे? बाबा आमटे यांना २००४ चा महाराष्ट्र भूषण मिळाला होता. त्याच आजाराच्या माणसांसाठी. म्हणजे राज्य एकदा बाबांच्या आनंदवनापर्यंत गेलं होतं. पत्रीपुलापर्यंत यायला केंद्राची यादी लागली.

पद्मसाठी आता कोणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो, आणि यादी २५ जानेवारीला येते हे सगळ्यांना पाठ आहे. तारीख ठरलेली असली की कोणाच्या सवडीवर काही अवलंबून राहत नाही.

आता खारघर. याबद्दल लिहायचं टाळून हा लेख लिहिता येणार नाही.

१६ एप्रिल २०२३, रविवार. डॉ. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना २०२२ चा महाराष्ट्र भूषण खारघरच्या मैदानावर दिला गेला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा प्रमुख पाहुणे होते, मुख्यमंत्री होते आमच्या ठाण्याचे एकनाथ शिंदे. पुरस्काराची रक्कम दहा लाखांवरून पंचवीस लाख केली होती; आप्पासाहेबांनी ती मुख्यमंत्री सहायता निधीला देऊन टाकली. समोर लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, होते. मंचावर छत होतं, मैदानावर नव्हतं. एप्रिलच्या उन्हात, कोकणच्या दमट हवेत, कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने चौदा माणसं गेली.

आमच्या इमारतीतली कुटुंबं त्या दिवशी तिथे होती. आप्पासाहेबांच्या बैठकीला जाणारी ही माणसं मी वर्षानुवर्षं बघते आहे. स्वच्छतेच्या दिवशी पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात, फोटो काढायला कोणी नसलं तरी. झाडं लावतात आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायला परत जातात. एका घरातली दारू सुटली ती बैठकीमुळे, हे त्या घरातल्या बाईने मला स्वतः सांगितलं. ती सगळी आदल्या रात्रीच निघाली होती. डोंबिवलीहून ठाण्याला, तिथून पनवेलच्या गाडीने खारघर. सोबत पाण्याच्या बाटल्या, दशम्या, म्हाताऱ्यांसाठी चटई. रांगेत बसायचं, मध्ये उठायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्या शिस्तीचं मला कौतुक आहे आणि तिचाच मला राग येतो, कारण ती शिस्त माहीत असलेल्यांनी त्यांना सावली दिली नाही. ही माणसं आपल्या गुरूंचा मान डोळ्यांनी बघायला गेली होती. त्यांना कोणत्या वेळी बोलवायचं आणि कुठे बसवायचं, हे ठरवणारे दुसरे होते.

सरकारला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती असंही नाही. तीनच आठवडे आधी, २४ मार्चला, आशा भोसले यांना २०२१ चा महाराष्ट्र भूषण गेटवे ऑफ इंडियासमोर दिला होता, संध्याकाळी. पुढल्या वर्षी अशोक सराफ यांना वरळीच्या डोममध्ये दिला, छताखाली. खारघरनंतर मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले, दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असंही सांगण्यात आलं. चौदा घरांना याचा काही उपयोग नव्हता. त्या चौदा जणांमध्ये बायकांची संख्या जास्त होती, आणि त्यातल्या बहुतेकींना आयुष्यात कधी कोणी शाल पांघरली नसेल. माझं म्हणणं इतकंच आहे की राज्याच्या सर्वोच्च सन्मानाला गर्दी लागत नाही. गर्दी लागते ती सन्मान देणाऱ्याला. ज्या क्षणी मैदान किती भरलं याचा हिशेब सुरू होतो, त्या क्षणी सन्मान घेणारा माणूस निमित्तापुरता उरतो. मग तो कितीही मोठा असो आणि त्याचं काम कितीही खरं असो.

खारघरनंतर पाच आठवड्यांनी, २२ मे २०२३ रोजी, पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीला, फिजीचे पंतप्रधान सिटिवेनी राबुका यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या गळ्यात ‘कम्पॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ फिजी’चं पदक घातलं. त्याच दौऱ्यात पापुआ न्यू गिनीने आपला सर्वोच्च ‘ऑर्डर ऑफ लोगोहू’ दिला, आणि पलाऊच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘एबाकल’ हा सन्मान दिला. एबाकल हे पलाऊच्या लोकांचं परंपरेतलं अवजार आहे, नेतृत्वाचं आणि शहाणपणाचं प्रतीक मानलेलं. सन्मानचिन्हं करणारी बाई म्हणून मी ती बातमी निरखून वाचली: काच नाही, सोनेरी मुलामा नाही, आपल्या लोकांच्या हातातलं अवजार दिलं. पलाऊची लोकसंख्या अठरा हजारांच्या आसपास. शिळफाट्याकडच्या आमच्या पलावा वसाहतीत याहून पुष्कळ जास्त माणसं राहतात. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना फिजीने सुवा इथे तोच सन्मान दिला.

फिजीच्या सन्मानामागे मोठी गोष्ट आहे. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांच्या घरात भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले; ते गिरमिटिये. १९८७ चा उठाव राबुकांनीच केला होता आणि भारतीय वंशाची हजारो कुटुंबं त्यानंतर देश सोडून गेली. मे २०२३ मध्ये, मोदींना पदक देण्याच्या आठवडाभर आधी, त्याच राबुकांनी गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. भारताच्या पंतप्रधानांना पदक देण्यात परराष्ट्र धोरण असतं, मदत असते, चीनचा विचार असतो. दोन देशांमध्ये असा हिशेब असणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण महाराष्ट्र भूषण आपण आपल्याच माणसाला देतो. तिथे कोणाशी तह करायचा नसतो. म्हणून तिथे दुसरा कोणताही हिशेब शिरता कामा नये, मतांचा तर मुळीच नको.

सन्मान दिला म्हणजे माणूस आपला झाला, हीही समजूत काढून टाकायला हवी. पहिल्याच महाराष्ट्र भूषणच्या वेळी हे घडलं होतं. पुलंची प्रकृती बरी नव्हती, त्यांचं भाषण त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी वाचून दाखवलं. ज्या युती सरकारने सन्मान दिला, त्याच्याच राज्यातल्या कारभाराबद्दलची खंत त्या भाषणात होती. बाळासाहेब ठाकरे भयंकर संतापले, पुलंवर जाहीर टीका झाली. मला त्या प्रसंगाचा अभिमान वाटतो. पहिल्या मानकऱ्याने सन्मान आदराने घेतला आणि जे वाटत होतं ते बोलून दाखवलं. बाबा आमटे यांनी तर १९९१ मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर आपले पद्म सन्मान सरकारला परत केले होते, आणि तरीही पुढे राज्याने त्यांना महाराष्ट्र भूषण दिला. हे राज्याच्याही मोठेपणाचं झालं. असं पुन्हा होऊ शकेल का, हे प्रत्येक नव्या नावाच्या वेळी स्वतःला विचारावं.

ठाणे महापालिका वर्धापनदिनी ठाणे भूषण, ठाणे गौरव, ठाणे गुणिजन असे पुरस्कार देते. शहराने आपल्या माणसांचा असा मान करावा, हे मला मनापासून हवं आहे, जनकवी पी. सावळाराम ज्या शहराचे नगराध्यक्ष होते, त्या शहराला तर ते शोभतंच. सुरुवात इथूनही करता येईल. प्रत्येक नावापुढे दोन वाक्यं छापायची: काय केलं, कोणासाठी केलं. वाक्यं लिहिता आली नाहीत तर नाव मागे ठेवायचं. मी माझ्या दुकानात हा नियम केला आहे. मजकुरात काम नसेल तर मी ऑर्डर घेत नाही, आणि काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली आहेत. गेली तरी चालेल.

राज्य सरकारने महाराष्ट्र भूषण दरवर्षी १ मे रोजी द्यावा. नाव महिनाभर आधी जाहीर करावं, सोबत निवड समितीची नावं आणि एक पान कारण. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या घरी जाऊन द्यावा, तेही त्याच आठवड्यात. बाकीच्यांना त्यांच्या स्वतःच्या गावात द्यावा, संध्याकाळी, छताखाली. सोहळ्यासाठी मुंबईच कशाला हवी? ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. जिथे नाटकाचा प्रयोग होतो तिथे राज्याचा सर्वोच्च सन्मान नक्की होऊ शकतो. पुढच्या रांगा सन्मान घेणाऱ्याबरोबर काम केलेल्यांसाठी ठेवाव्यात. मंत्री त्यांच्या मागे बसतील. मानपत्र लिहायचं काम मी करीन, मानधन न घेता. मजकूर मात्र आठ दिवस आधी पाठवा, म्हणजे त्यात त्या माणसाचं काम नसेल तर मला फोन करून विचारायला वेळ मिळेल.